तिसरी पुकार

खंडाऱ्यांच्या घरात देवाला न भिणारं कुणीच नव्हतं. फरक इतकाच, की जो तो दुसऱ्याच्या वतीनं भ्यायचा. त्या रविवारी सेलीनाबाई आपल्या भाचीच्या वतीनं भ्याल्या, आणि चर्चमध्ये भर मिस्सेत उभ्या राहिल्या.

फादर गोत्ये क्लाराच्या लग्नाची तिसरी पुकार वाचत होते. लग्नाआधीचे तीन रविवार वेदीवरून वधूवरांची नावं वाचायची आणि विचारायचं, की बाबांनो, या लग्नाला कुणाला काही अडथळा ठाऊक आहे का? अमरावती कॅम्पातल्या त्या चर्चमध्ये लोक या प्रश्नाचा उपयोग खोकून घ्यायला करत. त्याला उत्तरही देता येतं, हे कुणाच्या गावी नव्हतं. फादरसुद्धा विचारता विचारताच पान उलटायचे.

"मले ठाव हाये," सेलीनाबाई म्हणाल्या.

खोकणारे अर्ध्यावर थांबले. क्लाराच्या आईला, मार्थाबाईंना, आधी वाटलं, नणंदबाईंना घेरी आली. मग त्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. घेरी आलेल्या माणसाच्या तोंडावर इतकं समाधान नसतं.

"फिलिप तायडे या पोरीचा धर्मबाप लागते, फादर. त्यानंच तिले बाप्तिस्मा देल्ला हाये. बापासंगं लेकीचं लगन लावता काय?"

फादर गोत्ये फ्रान्सातून येऊन अकरा वर्षं वऱ्हाडात होते, पण असं काही त्यांना तिकडच्या सेमिनरीत कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला, आणि उरलेली मिस्सा अशी काही घाईनं आटोपली की जुन्या माणसांना वाटलं, चर्चला आग लागली.

सेलीनाबाई बोलल्या ते खरं होतं. त्याहून वाईट म्हणजे, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मानमोडीच्या साथीत मार्थाबाईंना जुळं झालं होतं. एक मुलगा, एक मुलगी. दोघं मिळून एका पायलीत मावतील एवढी. घरातली मोठी माणसं तापानं आडवी, तेव्हाचे फादर धारणीकडच्या जंगलात गेलेले, आणि साऱ्या आळीत शेजारच्या तायड्यांचा नऊ वर्षांचा फिलिप तेवढा पायांवर उभा. मरणाच्या दारातल्या माणसाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हे त्याला शाळेत सिस्टर बेनेदिक्तानं नुकतंच शिकवलेलं. त्यानं पेल्यात पाणी घेतलं आणि दोन्ही लेकरांना बाप्तिस्मा देऊन टाकला. मुलगा दुपारी गेला. मुलगी राहिली, तीच ही क्लारा.

पुढं एकोणीस वर्षं ही गोष्ट म्हणजे खंडाऱ्यांच्या घराचा दागिना होता. नाताळात पाहुणे आले की फिलिपला उभं करून ती वदवून घ्यायचे. सेलीनाबाई तर ती 'माह्या डोयानं पाह्यलं' म्हणून सांगत. त्या वेळी त्या अकोल्याला सासरी होत्या, पण त्यांची नजर पहिल्यापासून लांबची. आणि फिलिप मोठा होऊन अकोल्याच्या मालधक्क्यावर नोकरीला लागला, त्यानं क्लाराला मागणी घातली, तेव्हा हीच मंडळी म्हणाली, "देवानंच जोडी जमवली व माय! पयलं पानी त्याच्याच हातचं!" ज्यानं बाप्तिस्मा दिला तो धर्मानं बाप होतो आणि बापाशी लग्न होत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. अडथळ्यालाच हार घालून सगळे मिरवत होते.

सेलीनाबाईंच्याही डोक्यात पहिल्या दोन पुकारांना ते आलं नव्हतं. आलं शुक्रवारी, आत्याच्या मानाचं लुगडं हातात पडल्यावर. लुगडं सुती होतं.

---

मांडव पडला होता. मिशनच्या शाळेतून बाकं आली होती. बडनेऱ्याच्या बॅण्डवाल्यांना विडा दिला होता. लग्न मंगळवारचं, बुधवारी कपाळाला राख लागणार आणि चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू होणार, म्हणून सगळी घाई. त्यात व्याही जानराव तायडे चर्चच्या फाटकातच पागोटं सावरत सांगून गेले होते: "मंगळवारी लगन लागलं तं लागलं. नाइ तं आमच्या पोराले अंजनगावची पोरगी तयार हाये. चर्चात बोभाटा झालेली पोरगी मी चाळीस दिवस वाट पाहून घरात घेनार नाइ."

अंजनगावची पोरगी खरोखर होती. तिच्या बापाचं पानमळ्याचं उत्पन्नही होतं. मार्थाबाईंना दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. क्लारालाही.

दुपारी चौकशीसाठी फादर गोत्ये आणि सिस्टर बेनेदिक्ता मांडवात येऊन बसले. सिस्टर म्हणजे बार्शीटाकळीची रखमा; मार्थाबाईंच्याच आळीत वाढलेली, एकाच झाडाच्या चिंचा चोरलेली. जगासाठी ती सिस्टर, मार्थाबाईंसाठी अजून "रखमे".

"उपाय हाये," उत्तमराव म्हणाले.

हे मार्थाबाईंचे धाकटे दीर. बाप्तिस्म्यात त्यांचं नाव ऑगस्टीन होतं, पण वकिलाचे कारकून झाल्यापासून त्या नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती. धर्म असो की जमीन, ते आधी पळवाट पाहायचे आणि मग रस्ता.

"लगन होत नाइ काहून? तं पोरीचा बाप्तिस्मा झाला म्हनून. बाप्तिस्मा खोटा ठरला का नातं खोटं. नातं खोटं का अडथळा खलास! फादर, सोमवारी तुमी तिले नव्यानं बाप्तिस्मा द्या, मंगळवारी लगन, बुधवारी राख. तीन दिवसांत मानूस मोकळा!"

मांडवात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. आणि मग मार्थाबाईंच्या डोळ्यांदेखत सगळं घर उलटंपालटं झालं. ज्यांना लग्न हवं होतं, ते हिरिरीनं सांगू लागले की क्लारा ख्रिस्ती नाहीच. आणि ज्यांना नको होतं, त्यांच्या लेखी तिच्याइतकी पक्की ख्रिस्तीण साऱ्या मध्यप्रांतात सापडली नसती.

"नऊ वर्साच्या पोराचा कायचा आला बाप्तिस्मा!" एक काका म्हणाले. याच काकांनी दर नाताळला त्या गोष्टीवर डोळे पुसले होते.

"काहून? पोरगं म्हनून पानी ओलं नाइ लागत काय?" सेलीनाबाई कडाडल्या. "माह्या भाचीले अधर्मी म्हनता? लहानपनापासून कम्युन्यन घेऊन राहिली थे! फादर, मी तवाच नवस बोलली होती, पोरगी जगली तं कॉन्व्हेंटले देईन. देव इसरला नाइ. आडवा आला तिच्या लगनात."

सेलीनाबाईंनी आपल्या दोन्ही मुलांची लग्नं थाटात लावली होती. देवाला द्यायला भावाचीच पोर उरली होती.

फादरांनी हात वर केला. त्यांचं मराठी पुस्तकातलं होतं आणि संतापले की जास्तच शुद्ध व्हायचं. "मी सत्य ऐकू इच्छितो. फक्त सत्य. फिलिप, तू सांग. त्या दिवशी तू काय केलेस?"

फिलिप खांबाला टेकून उभा होता. कोट नवा, चेहरा आजारी माणसाचा.

"पानी घातलं, फादर. सिस्टरनं शिकवले तेच शब्द म्हन्ले... म्हन्ले असतीन. मंग मी थे गोष्ट इतक्या बार सांगितली, का आता मले खरं कोन्तं अन् सांगितलेलं कोन्तं हेच समजत नाइ. भेव लागत होतं एवढं पक्कं आठवते. शपथ घेऊन सांगता येनार नाइ."

"बस!" उत्तमराव उठलेच. "शंका आली, फादर. कायद्यात शंका आली का केस गेली."

"मुलांना नावे कोणती दिलीस?" फादरांनी विचारलं.

"पोरीचं नाव मार्थामावशीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. पोराचं कोनी ठरवलंच नव्हतं. दोन येतीन असं कोनाले वाटलं होतं?" फिलिप खाली पाहू लागला. "मंग मी माहंच देल्लं. दुसरं सुचलं नाइ."

कुणी हसलं नाही. मार्थाबाई उठून आत गेल्या, चहा पाहायला म्हणून. चूल विझलेली होती हे त्यांना आत गेल्यावर कळलं.

---

त्यांच्या मागोमाग उत्तमराव स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. बायकांच्या राज्यात ते एरवी येत नसत. आज कज्जाच तसा होता.

"वैनी, फादर आता तुमाले विचारतीन. त्या खोलीत तुमच्याशिवाय दुसरा साक्षीदार नाइ. तुमी एकच सांगजा. पानी डोक्यावर नाइ पडलं, कुंचीवर पडलं."

"कुंचीवर?"

"कातडीले पानी नाइ लागलं तं बाप्तिस्मा होत नाइ. मी विचारून आलो. लेकराले कुंची असतेच. घाईघाईत पोरानं वरूनच ओतलं. हे काही खोटं नाइ, वैनी. हे आठवन हाये."

मार्थाबाईंचे यजमान पास्कलराव मिशनच्या दवाखान्यात कम्पाउंडर होते. उभ्या जन्मात त्यांनी डॉक्टरच्या सांगण्यापलीकडे काही केलं नव्हतं. ते भावाच्या मागून म्हणाले, "तुले जसं आठवते तसं सांग." आणि थोडं थांबून, "उत्तम म्हनते तसं आठवलं तं बरं होईन."

दोघं गेले. सिस्टर बेनेदिक्ता आत येऊन पाटावर बसल्या. त्यांनी जपमाळ हातात घेतली आणि मणी न ओढता नुसती धरून ठेवली.

"तू बी सांग काही, रखमे."

"मी काय सांगू? शिकवलं मीच. पोरांनी शिकवलेलं ध्यानात ठेवलं, हा तं माह्या साऱ्या जन्मातला पयला चमत्कार. आता तोच खोटा ठरवा म्हनू?" मग हळूच म्हणाल्या, "खोटं बोलशीन तं मी कोनाले सांगनार नाइ. कन्फेशनमधी फादरले सांगजो. त्यालेही कोनाले सांगता येत नाइ."

"तू नन हायेस का वकील?"

"तुही मैतरीन हाये. दोन्ही लागते."

क्लारा चुलीशी वाकून फुंकर घालत होती. हळद लागायची होती उद्या. हातावर अजून रोजचीच राख. ती वळली नाही.

"माय," ती म्हणाली, "कुंची होती काय?"

मार्थाबाईंनी लेकीच्या पाठीकडे पाहिलं. चोळीखालची दोन हाडं, जन्मली तेव्हा होती तशीच वर आलेली. या पोरीसाठी त्यांनी काय केलं नसतं? एक वाक्य. तेही तापातलं. कुंचीवर पडलं, फादर. संपलं. मंगळवारी बाजा वाजला असता, जानरावांचं पागोटं सरळ झालं असतं, अंजनगावची पोरगी अंजनगावात राहिली असती.

बाहेरून फादरांनी हाक मारली, "मार्थाबाई, कृपया."

---

मांडव गच्च भरला होता. ज्यांना आमंत्रण नव्हतं तेही आले होते. फुकटची साक्ष लग्नापेक्षा रंगते.

फादरांनी बायबल पुढं केलं. मार्थाबाईंनी त्यावर हात ठेवला. उत्तमराव त्यांच्याकडे बघून स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत होते, कुंची बांधल्यासारखा.

"पाणी कुठे पडले?"

"डोक्यावर पडलं, फादर."

उत्तमरावांचा हात डोक्यावरच राहिला.

"मी एकाच लेकराची तयारी केली होती. कुंची एकच होती. थे पोराले घातली होती. यानं थे काढली, घडी केली, उशीपाशी ठेवली. मंग पानी घातलं. पोरीचं डोकं तं उघडंच होतं. बाप, पुत्र आन् पवित्र आत्म्याच्या नावानं, सारं म्हन्ला. रडून राहिला होता, पन एक शब्द सोडला नाइ. पयले पोरीले, मंग पोराले."

"वैनी, तुमी तापात होत्या!"

"तापात होती, भाऊजी. मेली नव्हती."

"अवो, पोरीचं लगन मोडून राहिलं तुमच्या एका बोलानं! उलटं बोला ना जरासं! फादर, ह्या बाईले आता कायचं आठवते—"

"कबरस्तानाच्या भिंतीच्या आत निजला हाये माहा पोरगा," मार्थाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बाप्तिस्मा न झालेली लेकरं भिंतीबाहेर पुरतात, नाल्याच्या कडेनं. दरसाल मेलेल्यांच्या सणाले मी तिकून जाते अन् त्या ढेकळांकडे पाहत नाइ. एकच पोरगं, एकच पेला, एकच पानी. पोरीचं पानी खोटं ठरलं तं त्याचं बी खोटं ठरते. मंग त्याले उकरून बाहेर नेता काय? कुदळ तुमी धरता का मी धरू, भाऊजी?"

मांडवात कुणी खोकलंसुद्धा नाही.

पास्कलरावांनी टोपी काढली. का काढली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. एकोणीस वर्षांत ते त्या मुलाविषयी एक अक्षर बोलले नव्हते. मार्थाबाई समजत होत्या, विसरले. टोपी चुरगाळणाऱ्या त्यांच्या बोटांकडे पाहून त्यांना कळलं, की तसं नव्हतं.

शांतता सगळ्यात आधी कुणाला सोसली नाही, तर सेलीनाबाईंना. "म्हन्लं नव्हतं मी? झाला ना बाप्तिस्मा! आता सिस्टर, तुमच्या मदरले सांगा, संत योसेफच्या सणाले पोरगी घेऊन येतो आमी."

सिस्टर बेनेदिक्तांनी जपमाळ खिशात टाकली. "सेलीनाबाई, नवस कोन बोललं होतं?"

"मी."

"मंग तुमी या. खोली रिकामी हाये. पहाटे साडेचारले उठा लागते, अन् जेवतांना बोलता येत नाइ."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. सेलीनाबाईंचं तोंड उघडं राहिलं. जेवताना न बोलण्याची कल्पना त्यांच्या अंगावर धावून आली असावी.

आता फादर गोत्ये उठून उभे राहिले.  "तुम्ही सर्वजण मला बोलू देत नाही. अडथळा आहे. परंतु लहान अडथळा आहे. बिशप महाशय तो दूर करू शकतात. मी आज रात्री नागपूरला लिहितो. तीन आठवडे लागतील."

"आन् हे तुमी सकाळीच सांगितलं असतं तं?" उत्तमराव म्हणाले.

"सकाळी मला कोणी विचारले नाही. मला केवळ ओरडणे ऐकू आले."

"पन तीन हप्त्यानं उपासकाळ! उपासकाळात लगन कसं लागन?"

"लागते. विवाहाला मनाई नाही. थाटाला मनाई आहे. बाजा नाही, वरात नाही, वेदीवर फुले नाहीत, मेजवानी नाही. शांतपणे, सकाळच्या वेळी, दोन साक्षीदार."

आणि तिथं खंडाऱ्यांचं घर सकाळपासून पहिल्यांदा एक झालं. पोरीचा धर्म विहिरीत टाकायला तयार असलेली माणसं आणि पोरीलाच कॉन्व्हेंटात टाकायला निघालेली माणसं, दोन्ही एका आवाजात ओरडली. बिना बाजाचं लगन? बिना मटनाचं? लोक काय म्हनतीन? खानदानात असं कधी झालं नाइ! "त्यापक्षा मोडलेलं बरं," ते काका म्हणाले. बाप्तिस्म्यापासून मरणापर्यंत धर्माच्या सगळ्या गोष्टींत सवलत चालली असती. बॅण्ड मात्र श्रद्धेचा प्रश्न होता.

फिलिप खांब सोडून पुढं आला.

"मले चालते," तो म्हणाला.

"तुह्या बापाले चालन काय?" उत्तमरावांनी विचारलं. "अंजनगावची पोरगी—"

"अंजनगावची पोरगी बाबाले पसंत हाये, तं बाबानं करावी. मायले विचारून." मग आपण काय बोललो हे कळून त्याचे कान लाल झाले. तो मार्थाबाईंपाशी आला आणि खाली वाकला. "मावशी, मी खरंच सारे शब्द म्हन्लो होतो?"

"सारे."

"मले इतकी वर्सं भेव होतं, का पोराच्या वक्ती मी काही चुकलो. म्हनून थो गेला."

 मार्थाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. तो जावई व्हायचा होता, पण त्या घडीला त्यांना तो नऊ वर्षांचाच दिसत होता.

---

माणसं पांगली. बाकं परत शाळेत गेली. बॅण्डवाल्यांना कुणी सांगायचं यावरून अंगणात नवं भांडण लागलं होतं. सेलीनाबाईंनी एवढ्यात पक्ष बदलला होता. उपासकाळातल्या लग्नात काय रांधता येतं आणि काय नाही, हे साऱ्या घरात आपल्यालाच तेवढं कळतं, असं त्या ठणकावून सांगत होत्या, आणि बरबटीच्या उसळीचं प्रमाण ठरवत होत्या.

मार्थाबाई स्वयंपाकघरात आल्या. क्लारानं चूल पेटवली होती. तिनं मायसमोर चहा ठेवला आणि शेजारी पाटाला पाट लावून बसली. अंगणातून बॅण्डवाल्यांवरून चाललेलं भांडण ऐकू येत होतं.

"बॅण्ड पाह्यजे होता तुले," मार्थाबाई म्हणाल्या.

"लय पाह्यजे होता."

"रागावली?"

क्लारानं डोळ्याखाली आलेला धूर पदरानं पुसला. धूरच होता, असं मार्थाबाई धरून चालल्या.

"माय, तू कुंचीवर पडलं म्हन्ली असती ना, तरी मी तुह्यावर रागावली नसती. जन्मात नसती."

"मले ठाव होतं," मार्थाबाई म्हणाल्या. "तुह्या भावाच्या वतीनं तसं म्हनाले कोनी नव्हतं."

 क्लारानं आपला पेला उचलला, अर्धा चहा मायच्या पेल्यात ओतला, आणि अंगणात ओरडून सांगितलं, "आत्या, उसळीत तिखट कमी टाकजा. सिस्टरले सोसत नाइ."